विमानावरचं माहेरचं नाव

मोठेबाबा,

तुम्हाला काय म्हणून हाक मारावी, इथेच माझं अडत होतं. इतकी वर्षं एका घरात राहिलो, एका चुलीवरचं खाल्लं, पण तुम्हाला हाक मारायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. तुम्ही माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ, म्हणजे माझे भासरे. भासऱ्यासमोर भावसुनेनं तोंड उघडायचं नाही, ते समोरून आले तर पदर ओढून बाजूला व्हायचं, आणि भासऱ्यानंही भावसुनेचं नाव घ्यायचं नाही. आपल्या घरात हे कोणी शिकवलं नाही आणि कोणी मोडलंही नाही. माझी पोरगी तुम्हाला मोठेबाबा म्हणते, तेच आज तिच्याकडून उसनं घेते.

तुमची तेरवी झाली, पाहुणे गेले. मोठ्या बाई, माझ्या थोरल्या जाऊबाई, दुपारच्या जरा पडल्या आहेत. मी चौथी शिकलेली. लिहायची सवय हारांच्या ऑर्डरीपुरती. पण तुमच्याशी बोलायचं आहे आणि तोंडानं बोलायला अजूनही लाज वाटते, तुम्ही नाही तरी. म्हणून लिहिते. हे कोणाला दाखवायचं नाही.

तेरवीला काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. ते तुमच्यामुळेच झालं. ते सांगायचंच आहे, पण आधी विमानाचं बोलते, कारण तुमचं-माझं जे काही बोलणं झालं ते विमानाशीच झालं.

तुम्ही विमान करायला घेतलं तेव्हा सगळे हसले. आपला धंदा फुलांचा. अकोल्याच्या जुन्या शहरात गल्लीच्या तोंडाशी दुकान, पहाटे आमचे हे फूल घेऊन येणार, मी आणि मोठ्या बाई हार ओवणार, आणि लग्नाच्या कमानी, नवरदेवाची गाडी, देवीचा मखर हे बांबूचं काम तुमचं. बांबूची कामटी तुमच्यासारखी कोणाला चिरता येत नव्हती. लवायची तेवढीच लवणार, मोडणार नाही. लगीनसराई संपल्यावर एक दिवस त्याच कामट्या घेऊन तुम्ही ओसरीवर बसले आणि म्हणाले, तेल्हाऱ्याचं विमान करायचं.

तेल्हाऱ्याचं विमान मला पाठ होतं. दाराआडून किती वेळा ऐकलं असेल. तुम्ही पोरसवदा असताना तिकडे कपाशीवर विमानानं फवारणी व्हायची. एकावर एक दोन मजली पंख, उघड्यावर बसलेला पायलट, खालच्या पंखाखाली भोकं पाडलेली नळी. कुठून कुठवर फवारायचं ते वरून कळावं म्हणून शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, माणसं झेंडे घेऊन उभी करायचे. तुम्ही त्यातले एक. विमान अंगावर आलं की झेंडा टाकायचा, पालथं पडायचं आणि डोक्यावर पोतं घ्यायचं, असा हुकूम होता.

"सारे पालथे पडत," तुम्ही सांगायचे, "मी नाही पडत होतो. मी वर पाहत राहायचो. मुकडदम शिव्या दे. दोन-दोन दिवस डोये आग करत."

"म्हणूनच हे असं झालं," मोठ्या बाई आतून म्हणायच्या. "थे औषध डोक्यात गेलं आन् अजून उतरलं नाही."

तुमचा संदीप अमरावतीला फ्लेक्सच्या दुकानात कामाला आहे. त्यानं मोबाइलवर शोधून त्या जातीच्या जुन्या विमानाचे फोटो काढले, आणि समोरून, वरून, बाजूनं असे नकाशे मोठ्या कागदावर छापून आणले. खऱ्या विमानाच्या एका हाताला आपली दोन बोटं, असं माप तुम्ही ठरवलं. म्हणजे पंखांची लांबी दोन हातांना जराशी कमी भरली. विकतचं काही आणायचं नाही हेही ठरवलं. पंखांचा सांगाडा बांबूचा. पंखांच्या गोल कडांना जवारीच्या धांड्याचा, म्हणजे ताटाचा, गर, कारण त्याला वजनच नसतं. तारांच्या जागी सायकलचे स्पोक घासून बारीक केलेले. इंजिनावरचं झाकण तेलाच्या पिप्याच्या पत्र्याचं. पंखा कडुनिंबाच्या लाकडाचा, तो तुम्ही तीनदा केला आणि तीनदा मोडला, चौथा ठेवला. आत पायलटची खुर्ची केली, तिच्यासमोर घड्याळांची पाटी केली. ती कोणाला दिसणार नव्हती. मोठ्या बाईंनी विचारलंही, "अंदर कोण पाहाले जाते?" तुम्ही म्हणाले, "पायलट." त्यांनी कपाळावर हात मारला.

मग सांगाड्यावर कापड चढवायची वेळ आली. तुम्ही ओसरीवर, मी आत उंबऱ्याशी शेवंती ओवत बसलेली, मधे मोठ्या बाई.

"तिले म्हणा," तुम्ही म्हणाले, "पंखाले कपडा शिवा लागते. तिचा हात बारीक हाये."

"मी काय पोस्टमन हावो?" मोठ्या बाई म्हणाल्या. "थे काय बहिरी हाये? तुम्ही मुके हा? दोघं दोन हातावर बसले आन् मधात मी वरडून राहिली." आणि चहाचे कप उचलून निघून गेल्या.

तुम्ही हातातली कामटी खाली ठेवली. मग सांगाड्याकडे तोंड करून म्हणाले, "विमाना, तुले कपडा पाहिजे बरं. पातळ, पण पोत घट्ट."

मला हसू आलं. पदर तोंडात धरला. आणि कशी हिंमत झाली कोण जाणे, मी शेवंतीकडे पाहतच म्हणाले, "विमानानं पहिले सांगावं, सुती का टेरिकॉट."

"सुतीच," तुम्ही विमानाला म्हणाले.

त्या दिवसापासून ते सुरू झालं. बाकी घरात तुम्ही भासरे, मी भावसून. ओसरीवर विमान असलं की त्याच्या मार्फत आपण बोलायचो. नियम मोडला असं कोणाला म्हणता येत नव्हतं. मोठ्या बाई ओरडायच्या, "झालं यायचं टपालखातं सुरू!" पण त्यांनाही मजा वाटायची, असं मला तेव्हा वाटायचं.

कापडासाठी आपण अमरावतीला गेलो. संदीपच्या खोलीवर मोठ्या बाईंना काही सामान द्यायचं होतं, त्या निमित्तानं मीही. बाजारात तुम्ही पुढे, आम्ही दोघी मागे. दुकानदारानं तुमच्यासमोर ठाणामागून ठाण उलगडलं. तुम्ही बोटानं चाचपायचे आणि म्हणायचे, "मांगं दाखवा." तो माणूस तुमच्याकडे बघे, आमच्याकडे बघे. मी कापड उजेडात धरायची, चुरगळायची, मान हलवायची. तो ठाण परत घ्यायचा.

"काकाजी," शेवटी तो म्हणाला, "हे शिवाचं काय हाये?"

"इमानाचे पंख."

"बरं," तो म्हणाला. "मंग इमानाले बोलवा ना दुकानात, मापच घेऊन टाकतो."

तुम्ही हसले. मोठ्या बाई हसल्या. मी लाजून दुकानाच्या खांबाआड गेले, पण हातात जे कापड होतं ते सोडलं नाही. तुम्ही ते पाहिलं. "हेच द्या," म्हणाले.

पहिला पंख मी उलटा शिवला, आठवतं? पंखाची वरची बाजू फुगीर असते आणि खालची सपाट, हे मला माहीत नव्हतं. तुम्ही सांगाडा उंबऱ्याजवळ ठेवून बाजारात गेले, विमानाला विचारावं तर ऐकायला कोणी नव्हतं. मी आपली सपाट बाजू वर धरून ताणून शिवून टाकली. तुम्ही आले. पंख हातात घेतला, फिरवला, पुन्हा फिरवला. मला वाटलं, आता सगळ्यांदेखत उसवणार. तुम्ही फक्त म्हणाले, "विमाना, तू पालथं काहून झोपलं बाप्पा?"

मी रात्रीतून उसवला. त्यानंतर तुम्ही जो सांगाडा उंबऱ्यावर ठेवायचे, त्याच्या वरच्या बाजूला झेंडूची पाकळी चिकटवलेली असायची. पाकळी तिकडे आभाळ. कधी बोलून सांगितलं नाही, मला बरोबर कळलं.

फोटोत असं होतं की कापड प्रत्येक आडव्या काडीला दोऱ्यानं बांधलेलं, जागोजागी गाठ. ती गाठ कशी घालतात ते फोटोत दिसत नव्हतं. मी आपली हाराची गाठ घातली. आपल्या हारात प्रत्येक फूल वेगळं बांधतात, एक सुटलं तरी बाकीचं सरकत नाही, तीच. मग वरून मैद्याची पातळ खळ लावली आणि उन्हात ठेवलं. वाळल्यावर कापड असं ताणलं गेलं की टिचकी मारली तर हलगीसारखं वाजायचं. तुम्ही टिचकी मारत राहिले आणि विमानाला म्हणाले, "हे गाठ तं फोटोतही नाही. हे आपली अकोल्याची हाये." त्या दिवशी माझा स्वयंपाक खारट झाला.

एक भांडण मात्र राहूनच गेलं. पोटाचा रंग. तुम्ही म्हणायचे सगळं विमान पिवळं. मी म्हणायची पोट पांढरं. माझं माहेर तिवश्याकडचं, भाजीपाल्याचं. शेजारच्या कपाशीवर एकदा असंच विमान आलं होतं, मी लहान, वांग्यात उभी होते, आणि ते माझ्या डोक्यावरून वळलं. पोट पांढरं होतं, मला पक्कं दिसलं. तुम्ही विमानाला सांगायचे, "ते दुसरं कोणतं असन." मी विमानाला सांगायची, "झेंडा धरणाऱ्याच्या डोयात औषध गेलं होतं, त्यायले काय दिसते." एकदा हे ऐकून तुम्ही इतके हसले की ब्रश खाली पडला. पंख, शेपूट, बाजू पिवळ्या केल्या. पोट तसंच कोरं ठेवलं. हट्ट सोडायचा नव्हता आणि माझं मोडायचंही नव्हतं, असं असेल.

आणि एक दिवस, बाजूचा रंग वाळत होता तेव्हा, तुम्ही म्हणाले, "विमाना, जुन्या विमानांवर त्यायची देखभाल करणाऱ्या माणसाचं नाव लिहीत. तुही बाजू उगीच रिकामी दिसते."

मला वाटलं तुम्ही तुमचं नाव म्हणता. मी म्हणाले, "लिहा म्हणा मंग. कोण नाही म्हणते."

मी म्हणाले, मोठेबाबा. माझ्याच तोंडून गेलं ते.

त्यानंतर मी पोरीच्या बाळंतपणाला गेले. परत आले तर विमान तुमच्या खोलीत पोचलं होतं, भिंतीला एक बाजू लावून. मग तुम्हाला ताप आला. तुम्हाला दवाखान्यात नेताना मी दाराशी उभी होते, पदर घेऊन, नेहमीसारखी. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही, नेहमीसारखं. मधे विमान नव्हतं, म्हणून काही बोलता आलं नाही. घरी परत आणलं तेव्हा तुम्ही नव्हते.

तेरवीच्या दिवशी संदीपनं विमान खोलीतून आणलं आणि तुमच्या फोटोजवळ मेजावर ठेवलं. चांगलंच केलं. बैठकीत सगळे पाहुणे होते, तेल्हाऱ्याचे, मूर्तिजापूरचे, बाजारातले. सगळे उठून पाहायला लागले. तार पाहा, चाक पाहा, खुर्ची पाहा. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी वरणाचं पातेलं, ते मोठं गंज, घेऊन उभी होते आणि मनात म्हणत होते, पंख पाहा, पंख पाहा. याचीही लाज वाटली.

भिंतीकडे असलेली बाजू आता बैठकीकडे आली होती. पायलटच्या खुर्चीखाली, पिवळ्यावर लाल रंगात, दुकानाच्या पाटीसारखी तुमची अक्षरं होती.

द्वारका.

तेल्हाऱ्याच्या तुमच्या चुलतबहिणीनं मोठ्यानं वाचलं. "हे द्वारका कोण रे संदीप?"

"मले नाही माहीत."

"देवाचं नाव असन," कोणी म्हणालं.

"देवाचं असतं तं द्वारकाधीश लिहिलं असतं," दुसरा म्हणाला. "हे तं बाईचं हाये."

"तेल्हाऱ्याले तं नव्हती ना कोणी? झेंडे धरत होते तवाची?" आणि एक बारीक हसू सगळ्या बैठकीतून फिरलं. तेरवीच्या घरात जेवढं हसता येतं तेवढंच.

माझ्या हातातलं गंज जड झालं.

द्वारका मी आहे. तिवश्याच्या घरात माझं नाव द्वारका होतं. लग्नात तुमच्या भावानं तांदळात निर्मला लिहिलं आणि त्या दिवसापासून मी निर्मला झाले. तुम्हाला ते नाव कसं माहीत, हे मला तिथल्या तिथे आठवलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी माझे अण्णा भेटायला आले होते आणि अंगणातूनच त्यांनी हाक मारली होती, "द्वारके!" सासूबाई म्हणाल्या होत्या, "द्वारका नाही आता, निर्मला म्हणा." तुम्ही तेव्हा अंगणात कामट्या चिरत बसले होते. वर पाहिलंही नव्हतं. अण्णा त्या वर्षीच गेले. त्यानंतर त्या नावानं मला कोणी हाक मारली नाही. मारणारं कोणी राहिलंच नाही.

तुम्ही का तसं लिहिलं तेही कळलं. भावसुनेचं नाव घ्यायचं नाही. निर्मला लिहिलं असतं तर नियम मोडला असता. द्वारका ही काही या घरची सून नव्हती. तुम्ही नियम पाळला, मोठेबाबा. इतका बारकाईनं पाळला की बैठकीत बसलेल्या माणसांना तुमची कोणी बाई सापडली.

आता जे लिहिते ते लिहायलाच हात उचलत नव्हता. मला आनंद झाला. घरात तेरवी, तुमच्या फोटोला मीच ओवलेला हार, मोठ्या बाई पांढऱ्या चेहऱ्यानं बसलेल्या, आणि मला, कोणालाही न दिसेल असा, पोटातून आनंद झाला. कोणीतरी ते नाव जपून ठेवलं होतं. मला त्या अक्षरांवरून हात फिरवावासा वाटला. असं वाटलं त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज आहे, अजूनही. बाकी सगळी लाज तिच्यापुढे काहीच नाही.

मी मोठ्या बाईंकडे पाहिलं. त्या विमानाकडे पाहत नव्हत्या, हातातल्या रुमालाकडे पाहत होत्या. आमचे हे पाण्याची घागर घेऊन उभे. ज्या माणसानं माझं नाव बदललं तो त्या अक्षरांकडे असा पाहत होता जसा अनोळखी गावाचा फलक वाचतो. आठवलंच नाही त्यांना.

आत चुलीजवळ एक बाई दुसरीला म्हणाली, "शांत दिसते ना, तोच माणूस असा असते, बाई."

तुम्हाला म्हणाली ती. तुमच्या घरात, तुमच्या तेरवीच्या स्वयंपाकात.

मी गप्प बसले असते तर माझं काही बिघडणार नव्हतं. त्या नावावरून मला ओळखणारं त्या घरात कोणी नव्हतं. तुम्ही बदनाम झाले असते, आणि मोठ्या बाई उरलेलं आयुष्य एका द्वारकेला शोधत राहिल्या असत्या. आणि बोलले असते तर लोक म्हणाले असते, भासऱ्यानं भावसुनेचं नाव लिहून ठेवलं, काहून लिहिलं? दोन्हीकडे लाजच. मी वरणाचं गंज खाली ठेवायलाही विसरले आणि तसंच घेऊन बैठकीत गेले.

"द्वारका मी हावो," मी म्हणाले.

आवाज निघालाच नाही. कोणी ऐकलं नाही. मला पुन्हा म्हणावं लागलं.

"द्वारका मीच हावो. माहं माहेरचं नाव. इमानाचा कपडा म्या शिवला, म्हणून त्यायनं लिहिलं."

त्या बैठकीत माझा आवाज पहिल्यांदाच उमटला, मोठेबाबा. तुमच्या फोटोसमोर. मला पायाखालची फरशी दिसत होती फक्त, आणि गंजातल्या वरणाची वाफ तोंडावर येत होती.

मग तेल्हाऱ्याच्या तुमच्या बहिणीनं हळूच म्हटलं, "म्हणजे, भासऱ्यानं भावसुनेचं नाव लिहिलं व?"

"कोठी लिहिलं?" मोठ्या बाईंचा आवाज आला. खणखणीत. "तिचं नाव निर्मला. कोठी दिसते निर्मला? चश्मा आणून देऊ?" आणि मग माझ्याकडे वळून, "आन् तू व! पहिले सांगता येत नव्हतं? म्या तं अथी बसल्या बसल्या द्वारका नावाच्या बाईले सात पिढ्यायच्या शिव्या देऊन झाली. तिचे झिपरे बी ओढून झाले. आता त्या शिव्या वापस कशा घेऊ?"

बैठक हसली. मोकळी हसली. "चला, पंगत बसवा," मोठ्या बाई म्हणाल्या, "थे वरण हातात धरूनच थंडं करते काय?"

तुमचं नाव असं वाचलं. मी नाही वाचवलं, त्यांनी वाचवलं. मी फक्त दोन वाक्यं बोलले, तीही रडत.

संध्याकाळी आमचे हे माझ्याजवळ येऊन बसले. "म्याच बदललं होतं नाव," ते म्हणाले. "मलेच नाही आठवलं पाय." मी ताटं पुसत राहिले. "तुले थे नाव आवडत होतं?" मी म्हणाले, "तवा इचाराचं होतं." ते उठले आणि विमानाजवळ जाऊन उभे राहिले. तेही चांगले आहेत, मोठेबाबा. तुमच्यासारखेच, उशिरा.

इथवर सांगून थांबले असते तर बरं झालं असतं. पण पुढचं सांगण्यासाठीच लिहायला बसले आहे.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. मी आणि मोठ्या बाई समोरासमोर बसून हार ओवत होतो. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत असं कधी होत नाही, तुम्हाला माहीत आहे.

मग म्हणाल्या, "त्यायले तुह्या माहेरचं नाव माहीत होतं."

"अण्णानं हाक मारली होती, थे ऐकलं असन."

"हो. ऐकलं असन." त्यांनी दोन फुलं ओवली. "माहं माहीत होतं काय त्यायले?"

"असन ना, बाई," मी म्हणाले.

"नसन. माहं बी लग्नात बदललं. सासूबाईनं बदललं, त्यायनं नुसतं लिहिलं. मंग कधी इचारलं नाही. मले तं 'ऐकलं काय' म्हणूनच हाक." त्या हसल्या. "चाळीस वर्सं ऐकून राहिली. इमानाशी बोलत, धांड्याशी बोलत. मी चहा नेऊन देत जाये. मी म्हणो, बोलू दे, घरात आवाज राह्यते."

टपालखातं म्हणून त्या ओरडायच्या तेव्हा त्यांना मजा वाटायची, असं मी वर लिहिलं. ते खोडत नाही. पण ते खरं नाही. मी त्यांच्यासमोर बसून रोज हार ओवला आणि मला ते कळलं नाही. तुमच्याकडून कापडाचं, गाठीचं कौतुक ऐकून मी स्वयंपाक खारट करत होते, आणि तोच स्वयंपाक त्या मुकाट्यानं जेवत होत्या.

त्यांनी तेरवीला मला वाचवलं तेव्हा हे सगळं पोटात ठेवून वाचवलं.

"बाई," मी म्हणाले, "त्याच्याखाली तुमचं नाव लिहू का? संदीपले सांगतो, त्याचा हात चांगला हाये."

"नको." त्या चटकन म्हणाल्या. "म्या त्या इमानाले बोट लावलं नाही. चुलीत घालतो म्हणत होती त्याले. खोटं नाही पाहिजे मले."

मग मी त्यांना त्यांचं माहेरचं नाव विचारलं. इतक्या वर्षांत मीही कधी विचारलं नव्हतं. तुमच्याइतकीच मीही. त्याच घरात, त्याच चुलीशी, रोज हातभर अंतरावर. विचारताना माझी मान वर होईना.

त्यांनी लगेच सांगितलं नाही. हातातला हार पुरा केला, दोरा दातानं तोडला, हार पाण्याच्या टोपलीत ठेवला. मग सांगितलं. स्वतःच्या तोंडानं ते नाव घेताना त्या लाजल्या, मोठेबाबा. पोरीसारख्या. मी त्यांना कधी लाजताना पाहिलं नव्हतं. तुम्ही पाहिलं होतं की नाही, माहीत नाही.

"कोणाले सांगू नको," म्हणाल्या. "कोठी लिहू तं बिलकुल नको."

म्हणून इथे लिहीत नाही. आम्ही दोघी एकट्या असलो की मी त्यांना त्या नावानं हाक मारते. पहिल्यांदा मारली तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कोणाला मारली असं वाटलं त्यांना. आता ओ देतात.

फार चांगलं नाव आहे, मोठेबाबा. दोन अक्षरी. विमानाच्या बाजूला सहज मावलं असतं. पण तुम्हाला मी ते सांगणार नाही. ते तुम्ही विचारायचं होतं.